आम्ही त्यातल्या नाही

नाचाचा क्लास चालवणाऱ्या बाईला फीच्या खालोखाल विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "तसलं काही शिकवत नाही ना?" विचारणारी कधी आई असते, कधी सासू, कधी हॉलचा मालक. उत्तरही ठरलेलं. "छे हो, आमच्याकडे अगदी घरगुती वातावरण आहे." नाशकात गंगापूर रोड ते इंदिरानगर या पट्ट्यात क्लास घेण्यात माझी वीसेक वर्षं गेली. या उत्तराने कुणीतरी दाराबाहेर उभं राहतं. ते कोण, आणि त्यांचं आमच्याकडे किती येणं निघतं, हे मला क्लास चालवता चालवताच कळत गेलं.

आधी लावणीचा हिशेब. माझ्यासारख्या क्लासचं वर्षाचं अर्धंअधिक भाडं गॅदरिंगच्या मोसमात निघतं. 2010 च्या 1 जानेवारीला ‘नटरंग’ आला आणि आमचे दिवस पालटले. त्याआधी शाळेतल्या बाई सांगायच्या, लावणी नको, पालक बोलतात. नंतर त्याच बाई तिसरीच्या मुलींना भाड्याची शिवलेली नऊवारी चढवून पाठवायला लागल्या. कॉलनीतल्या गणपतीत, मंगळागौरीच्या स्पर्धेत, लग्नाच्या संगीतात, सगळीकडे लावणी. मेकअपवाली, ड्रेपरीवाला, साउंडवाला, मी, सगळ्यांची चूल तिच्यावर पेटली.

या अदा आम्ही क्लासवाले आणतो कुठून? यूट्यूबवरून, सिनेमातून, एकमेकींच्या क्लासमधून. सिनेमावाल्यांनी त्या आणल्या तमाशाच्या फडांतून आणि संगीत बारीच्या थिएटरांतून. तिथे त्या जपल्या कोल्हाटी, डोंबारी, मांग अशा समाजांतल्या बायकांनी, पायांत चाळ बांधून, रात्र रात्र जागून. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाले, पण शेवटचे दिवस हलाखीत गेले. यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली ती 2012 मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर. ही मोठी नावं. बाकीच्या शेकडो जणींची नावं त्यांच्या थिएटराच्या बोर्डापलीकडे गेली नाहीत. आमच्या क्लासच्या बोर्डावर मात्र ‘नृत्यगुरू’ असतंच.

2014 मध्ये भूषण कोरगांवकरांचं ‘संगीत बारी’ हे पुस्तक आलं. ते वाचून ठरवलं की बैठकीची लावणी शिकायची तर तिथेच जाऊन. पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुल्याला थिएटरं आहेत. दुपारच्या वेळी तिथल्या बाया जेवणं उरकून, केस मोकळे सोडून, कुणी शिवणटिपण करत, कुणी मोबाइल बघत बसलेल्या असतात. मला शिकवायला कबूल झाल्या त्या साठीच्या होत्या. मी त्यांना मावशी म्हणायला लागले, त्या मला शेवटपर्यंत मॅडमच म्हणत राहिल्या.

मावशींनी सुरुवातीला मला उभंच राहू दिलं नाही. बसल्या जागी नजर, मान आणि पदराचं टोक एवढ्यावर एकच ओळ रागाने, लाडाने, टोमण्याने, थकून कशी सांगायची, ते त्या घोटून घेत. क्लासमध्ये आम्ही चेहऱ्यावर एक हसू चिकटवतो आणि नाच संपेपर्यंत ते काढत नाही. मावशी म्हणाल्या, "तुम्ही कशाला हसताय? हसू समोरच्याला आलं पाहिजे."

निघताना मी पैशांचं पाकीट पुढे केलं. ते न उघडता त्यांनी विचारलं, "तुम्ही पोरींकडनं महिन्याला काय घेता?" मी आकडा सांगितला. "बॅचला पोरी किती?" तोही सांगितला. त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि म्हणाल्या, "मग हे पाया पडण्याचं झालं. शिकवल्याचं वेगळं बोलू."

तेव्हापासून आमच्यात एक व्यवहार ठरला. त्यांच्याकडून आलेली लावणी ज्या बॅचला शिकवते, त्या बॅचच्या फीतला ठरलेला हिस्सा त्यांच्या खात्यावर जातो. तसा कायदा नाही. पिढ्यान्‌पिढ्या हातोहात आलेल्या अदेवर कुणा एकीच्या नावाचा कॉपीराइट नसतो. पण शास्त्रीय नृत्याच्या गुरूला आपण गुरुदक्षिणा देतो, अरंगेत्रमला शाल-श्रीफळ देतो, आणि लावणीच्या वेळी मात्र ‘पारंपरिक’ म्हणून मोकळे होतो, हे मला बसल्या जागी शिकताना फार विचित्र वाटायला लागलं होतं.

पुढे मावशींची कार्यशाळा नाशकात ठेवली. पोस्टर करणाऱ्या मैत्रिणीने मोठ्या मायेने लिहिलं, ‘एका उपेक्षित कलावतीशी भेट’. मावशींना वाचून दाखवलं. "उपेक्षित काढा. पार्टी कुणाची ते टाका, थिएटर टाका." फोटोला मात्र नकार. नात वसतिगृहात राहून शिकत होती, तिच्या शाळेत कुणाला काही माहीत नव्हतं. नाव मोठं हवं आणि चेहरा नको. दोन्ही त्यांच्याच अटी, आणि दोन्ही पाळता येण्याजोग्या होत्या.

त्या कार्यशाळेत दुपारच्या जेवणाला एका उत्साही पालकबाईंनी मावशींना विचारलंच, जे विचारायचं नसतं ते. म्हणजे नाचाशिवाय आणखी काही करावं लागायचं का. मावशींनी हात धुतला, पदराला पुसला. म्हणाल्या, "आम्ही नाचगाण्याच्या. आम्ही त्यातल्या नाही."

त्याच टेबलाशी माझ्या दुपारच्या बॅचमधली एक जण बसली होती. ती ‘त्यातली’ होती. जुन्या नाशकातल्या वस्तीत राहणारी, धंदा करणारी. हे मला माहीत होतं, बाकी कुणाला नाही. मावशींनाही नाही. जाताना ती चप्पल घालताना माझ्या कानाशी म्हणाली, "टीचर, सगळ्यांना खाली ढकलायला आम्हीच सापडतो." आणि हसली. दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर.

त्या दिवशी मला तो जिना पहिल्यांदा सबंध दिसला. कॉलेज रोडचा क्लास म्हणतो, आम्ही थिएटरातल्या नाही. थिएटरातली म्हणते, आम्ही बारमधल्या नाही. बारमधली म्हणते, आम्ही धंद्यातल्या नाही. प्रत्येक जण आपली इज्जत खालच्या पायरीवरच्या बाईवर पाय देऊन वर उचलते. मावशींचा मला राग आला नाही. संगीत बारीच्या बायकांना गावोगावच्या पैसेवाल्यांनी काय समजून वागवलं, ‘मालक’ म्हणवणारे कसे आले नि पोरं पदरात टाकून कसे गेले, हे किशोर शांताबाई काळ्यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ वाचलेल्या कुणालाही ठाऊक आहे. ते एक वाक्य त्यांना रोज ढालीसारखं वापरावं लागलं असेल. माझ्या क्लासला तशी गरज कधीच नव्हती. आम्ही ते नुसतंच वापरत होतो.

याच जिन्यावर सरकारने एकदा कायदा उभा केला होता. 15 ऑगस्ट 2005 पासून महाराष्ट्रात डान्स बारमधल्या नाचावर बंदी आली. 75,000 बायका बेकार होणार, असा आकडा तेव्हा सगळीकडे छापून येत होता. गंमत म्हणजे तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना, क्लबांना सूट. म्हणजे तेच गाणं, तोच नाच; प्रश्न फक्त समोर बसलेल्या माणसाच्या खिशाचा. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ही बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तो निकाल कायम केला, आणि त्यात नेमक्या या भेदभावावर बोट ठेवलं. मग राज्याने पुन्हा कायदा केला, पुन्हा कोर्ट झालं, 2019 पर्यंत हे चालूच राहिलं. तोवर 2005 मध्ये विशीत असलेल्या पोरी पस्तिशीच्या झाल्या होत्या.

त्यातली एक माझ्याकडे आली ती शिकायला नाही, शिकवायला. माझ्या स्टुडिओत तेव्हा पोल नुकता बसला होता, त्याबद्दल पुढे सांगते. तिने सरळ सांगितलं, "मॅडम, मी बारमध्ये नाचायचे. धाकटी भावंडं त्याच्यावर शिकली. बंदीनंतर काही वर्षं जे मिळालं ते केलं." या शेवटच्या वाक्याच्या पुढे ती गेली नाही, मीही नाही. टाचेच्या चपलांत ती हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा चालून गेली आणि आम्ही सगळ्या गप्प झालो. आम्ही ज्याला फ्लोअरवर्क म्हणतो, म्हणजे जमिनीवर बसून, लोळून, गुडघ्यांवर सरकून करायचं काम, त्यात गुडघे कसे वाचवायचे, हे तिला जेवढं कळत होतं तेवढं मुंबईत सर्टिफिकेट घेऊन आलेल्या मला कळत नव्हतं. शिवाय तिला खोली वाचता यायची. कोण आज रडून आली आहे, कुणाचा पाय दुखतोय पण सांगत नाही, काचेपलीकडून कोण मोबाइल रोखून उभा आहे, हे तिला पाठ वळवूनही समजायचं. ही सगळी बारमधली कमाई.

तिची मागणी एकच होती, नेमणुकीचं पत्र आणि पगार दर महिन्याला बँकेत. रोख नको. मला आधी वाटलं होतं तिला स्टेजवर नाव, सत्कार, असं काहीतरी आवडेल. तिला घर भाड्याने घ्यायचं होतं आणि घरमालक विचारत होता, करता काय? मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर व्यवसायाचा रकाना होता. तीन महिन्यांच्या पगाराच्या नोंदी दाखवल्याशिवाय फ्रिजसुद्धा हप्त्यावर मिळत नव्हता. मी लेटरहेड छापून घेतलं, त्यावर ‘नृत्यशिक्षिका’ लिहून सही केली. कुणा स्टुडिओला या बायकांसाठी काही करावंसं वाटत असेल, तर मी पहिलं हेच सांगते. भाषणं, मेणबत्त्या, चॅरिटी शो राहू देत. पगारपत्रक द्या.

आता पोल. लहानपणी मी मल्लखांब केलाय, आणि नाशिककराला मल्लखांबाचा तोरा असणारच. बाळंभटदादा देवधर आमच्या निफाड तालुक्यातल्या कोठुऱ्याचे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्यांनी ही विद्या पुन्हा उभी केली, ती वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर देवीच्या आणि मारुतीच्या कृपेने त्यांना मिळाली, ही कथा इथल्या व्यायामशाळांत अजून सांगतात. त्यामुळे 2018 च्या सुमारास मी पोल शिकून आले, हॉलच्या मालकाला स्लॅबचा भार समजावून दोन पोल बसवले, तेव्हा जाहिरातीचं वाक्य तयारच होतं. पोल म्हणजे आपल्याच मल्लखांबाचं आधुनिक रूप! देशातला जवळजवळ प्रत्येक पोल स्टुडिओ हे छापतो.

हे अर्धंच खरं आहे. काही पकडी सारख्या आहेत, हे मी दोन्ही केल्यामुळे सांगू शकते. पण मल्लखांब सागवानी नाहीतर शिसवी, बुंध्याकडे जाड, त्याला एरंडेल लावायचं. पोल स्टीलचा, जेमतेम 45 मिलिमीटरचा, स्पिरिटने कोरडा करून घ्यायचा. तेलाचा, अगदी अंगाला लावलेल्या क्रीमचाही थेंब चालत नाही. टाचांच्या चपला, गिरक्या, जमिनीवरचं काम, खांबाभोवती रेंगाळत चालणं, हे बाळंभटदादांकडून आलेलं नाही. ते कॅनडा-अमेरिकेतल्या स्ट्रिप क्लबांमध्ये नाचणाऱ्या बायकांनी 1980 नंतर घडवलं, आणि बाकीच्या बायकांना पहिले क्लासही त्यांच्यातल्याच काहींनी दिले. पुढे त्याचा व्यायाम झाला, स्पर्धा झाल्या, 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघांच्या संघटनेने पोलला निरीक्षक दर्जाही दिला. आणि 2015-16 च्या सुमारास पोल शिकणाऱ्या बायका आपल्या फोटोंखाली ‘मी स्ट्रिपर नाही’ असा हॅशटॅग लावायला लागल्या. ज्यांच्याकडून शिकल्या त्यांनाच नाकारत. त्यावर क्लबातल्या नर्तकींनी ‘हो, मी स्ट्रिपर’ असा उलटा हॅशटॅग चालवला. मला ते वाचून मावशींची आणि चप्पल घालताना हसलेल्या त्या बाईची आठवण झाली. जिना तिकडेही तोच.

तिकडच्या काही स्टुडिओंनी यातून धडा घेतला. क्लबात काम करणाऱ्यांना शिकवायला नेमणं, त्यांना सरावाला कमी दरात हॉल देणं, त्यांच्या केसकज्ज्यांसाठी पैसे उभे करणं, असं ते करतात. आमच्याकडे निदान खरा वंशवृक्ष सांगायला हरकत नाही, असं मी ठरवलं. आता पोलच्या पहिल्या तासाला मी मल्लखांबही सांगते आणि स्ट्रिप क्लबही. एक-दोघी दचकतात. मग त्यांना विचारते, मल्लखांबावर पोरं लंगोट लावून का चढतात? अंगाची कातडी लागल्याशिवाय पकड येत नाही म्हणून. पोलवरचे आखूड कपडे त्याच कारणाने. लंगोटाला शरीरसौष्ठव म्हणायचं आणि इकडे डोळे खाली घालायचे, असा हा मामला आहे.

दुपारची बॅच कशी सुरू झाली ते राहिलं. वस्तीत एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या एका ताई आल्या होत्या. बायकांसाठी काहीतरी योगाबिगा घ्या, म्हणाल्या, फुकट. मी स्पीकर उचलून त्यांच्या ऑफिसात गेले. माझ्या डोक्यात ‘नृत्यातून उपचार’ वगैरे होतं. बायकांना झुंबा हवा होता. कंबर दुखते, वजन वाढलंय, रात्रभर जागून पाय सुजतात. लावणीचं नाव काढलं तर एक जण म्हणाली, "नको ओ, ते सारखं मान वळवून बघायचं. ते दिवसभर करतोच." आणि फुकट का, असं त्यांनीच विचारलं. "फुकट दिलं की मग फोटो काढतात." हे त्यांनी अनुभवातून सांगितलं होतं. शिलाई मशिनचं वाटप, दिवाळीचा फराळ, महिला दिनाची साडी, दर वेळी समोर कॅमेरा.

म्हणून बॅच माझ्या हॉलवर हलवली. दुपारी एक ते दोन. सकाळी त्या झोपलेल्या असतात, संध्याकाळ धंद्याची, मुलांच्या शाळेची वेळ मधे येते. या वेळेला माझा हॉल तसाही रिकामाच असायचा, तेव्हा यात माझ्या त्यागाचं काही नाही. त्या बॅचला शेजारच्या सोसायट्यांतल्या गृहिणीही येतात. फी सगळ्यांना किमान निम्मी. ज्यांना पूर्ण परवडते त्यांनी पूर्ण द्यायची, कुणी किती दिली ते कुणाला कळत नाही.

मदत म्हणजे बहुतेक वेळा काय करायचं नाही याचीच यादी असते, हे या बॅचने शिकवलं. प्रवेशाचा फॉर्म काढला तर त्यात पतीचं नाव, व्यवसाय, कायमचा पत्ता, आधार. हे सगळं मला नाच शिकवायला कशाला लागतं? काढून टाकलं. आता हाक मारायचं नाव, जुनी दुखापत आणि अडचणीच्या वेळी कुणाला फोन करायचा, एवढंच. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, एकीला गिऱ्हाइकाच्या बायकोचा नंबर ओळखीचा दिसला आणि ती आठवडाभर आली नाही. ग्रुप बंद केला, निरोप एकेकीला वेगळा जातो. हॉलमधला सीसीटीव्ही बाहेरच्या दारावर नेला. रील करायची तर तास संपल्यावर, ज्यांना नको त्या निघून गेल्यावर. रीलवर ज्यांचा जीव आहे त्या कुरकुरतात. कुरकुरू देत.

एक जण मधेच बरेच दिवस गायब झाली. वस्तीत रेड पडली होती, तिला सुधारगृहात ठेवलं होतं. ती सज्ञान होती, स्वतःच्या मर्जीने राहत होती, पण ‘सोडवण्यात’ आलं होतं. परत आली तेव्हा मी एवढंच सांगितलं की फी पुढे धरली आहे. सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2022 च्या आदेशात म्हटलंय की पोलिसांनी हे काम करणाऱ्या बाईला मानाने वागवावं, रेडच्या वेळी माध्यमांनी तिची ओळख उघड करू नये. सुधारगृहांत मनाविरुद्ध ठेवलेल्या बायकांची पाहणी करून त्यांना सोडण्याचंही त्यात आहे. पत्त्याच्या पुराव्याअभावी आधार अडलेल्यांना एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रमाणपत्रावर ते द्यावं, आणि कार्डावर कुठली खूण नसावी, हेही. त्या आदेशाची प्रत मी फाइलला लावून ठेवली आहे. हॉलच्या मालकाने अनैतिक व्यापार रोखणाऱ्या ‘पिटा’ कायद्याचं नाव काढलं त्या दिवशी ती कामाला आली. 1956 चा तो कायदा कुंटणखाना चालवणाऱ्याला, त्यासाठी जागा देणाऱ्याला धरतो. दुपारी एक वाजता नाच शिकणाऱ्या बाईला आणि तिला शिकवणारीला नाही. हे त्याला वकिलाने सांगितल्यावर पटलं, मी सांगत होते तेव्हा नाही.

मालकाला शंका आली कशी, तेही सांगायला हवं. दुपारच्या बॅचमधली एक जण कोण आहे हे ओळखलं ते बायकोला गाडीवर सोडायला आलेल्या एका नवऱ्याने. त्याची तिच्याशी ओळख कुठली, हा प्रश्न त्या घरात कुणी विचारला नसावा. पण संध्याकाळपर्यंत फोन सुरू झाले. काही मुली काढून घेतल्या, एका शाळेचं गॅदरिंगचं काम हातचं गेलं. त्या वर्षी माझं नुकसान झालं आणि ते भरून यायला वेळ लागला, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्या बाईंचा नवरा होता त्या मात्र येत राहिल्या. त्या आणि ती दुसरी, दोघी आरशासमोर शेजारी शेजारी उभ्या राहत. एकमेकींशी बोलताना मी कधी पाहिल्या नाहीत.

गिऱ्हाइकं वेगळ्या तऱ्हेनेही परीक्षा घेतात. लग्नाआधीच्या मैत्रिणींच्या पार्टीसाठी फोन येतो, "कोठ्यासारखा माहोल करून द्याल का? आम्हाला एक दिवस अगदी बिनधास्त व्हायचंय." पोलच्या तासालाही हे ऐकू येतं. आरशात स्वतःकडे बघत कुणीतरी म्हणतं, आज मला अगदी तसली वाटायचंय. वाटून घ्यावं. बायकांना स्वतःच्या अंगाची लाज टाकायला जागा मिळत असेल तर मला आनंदच आहे. पण तासाभराने त्या ॲक्टिव्हा सुरू करून घरी जातात, आणि ज्यांच्याकडून हे ‘वाटणं’ उसनं घेतलं त्यांना ते उतरवून ठेवता येत नाही. पार्टीच्या फोनवर मी नाही म्हणणार होते. माझी पोलची शिक्षिका म्हणाली, "घ्या की. पण दर माझा. आणि कोठा म्हणायचं नाही, बारचा नाच म्हणायचं, मी शिकवेन." तिने जो दर लावला तो ऐकून पहिल्या दोन पार्ट्या पळाल्या. तिसरी आली.

सांगलीत ‘संग्राम’ संस्थेच्या आधाराने 1996 मध्ये धंदा करणाऱ्या बायकांनी स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी केली. सुषमा देशपांड्यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी नाटकही केलं, स्वतःच्या आयुष्याचं, स्वतःच्या तोंडाने. त्यांच्याविषयी वाचल्यापासून मी एक बंधन घालून घेतलंय. दुपारच्या बॅचमधल्या बायकांवर मी कुठलाही ‘कार्यक्रम’ बसवत नाही. त्यांना करायचा असेल तर हॉल मोकळा आहे. आजवर त्यांनी एकदाच मागितला, मुलीच्या बारशाला.

कोरोनाचा काळ मात्र वेगळा. 2020 चा मार्च, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा ऐन हंगाम तोंडावर, आणि सगळं बंद. थिएटरं बंद, फड बंद, वस्ती बंद, माझा क्लास बंद. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये सांगितलं की धंदा करणाऱ्या बायकांना ओळखपत्र न मागता रेशन द्या. राज्य सरकारने ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत महिना 5,000 रुपये, शाळेत जाणारी मुलं असतील तर आणखी 2,500 असं जाहीर केलं. बँकेचं खातं, कागद, यादी या सगळ्यातून त्या ताईंच्या संस्थेने किती जणींना पार नेलं, ते मी बघत होते. मी फक्त झेरॉक्स आणि स्कूटर पुरवली. मावशींसाठी मात्र आम्हाला वेगळी वाट सापडली. नातीच्या मोबाइलवरून त्यांनी ऑनलाइन तास घेतले, आणि शिकायला बसल्या माझ्या जुन्या विद्यार्थिनी, न्यू जर्सीतल्या, दुबईतल्या, पुण्यातल्या. बसून करायची लावणी मोबाइलच्या चौकटीत नेमकी मावते. तिकडच्या एकीने विचारलं, मावशी, फी रुपयांत की डॉलरमध्ये? मावशींनी नातीकडे पाहिलं. नातीने डॉलरमधला आकडा सांगितला.

सध्या आमची वार्षिक कार्यक्रमाची तयारी चालू आहे. 2027 च्या सिंहस्थाच्या नावाखाली हॉलच्या मालकाने भाडं वाढवलंय, वस्तीतल्या खोल्यांचंही वाढलंय असं दुपारच्या बॅचमध्ये ऐकते. पोलच्या शिक्षिकेला कार्यक्रमात स्वतःचं नाव पुकारलेलं नकोय, पण पगारवाढ हवी आहे, ती दिली. मावशींनीही हिस्सा वाढवून मागितलाय, कारण बॅच मोठी झाली. मी थोडं कमी करायला सांगितलं तर म्हणाल्या, "नातीशी बोला, हिशेब आता ती बघते." नात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तेव्हा मला फारशी आशा नाही.